डावीकडची वाट

कासेन म्हाताऱ्याने थाळीतलं मेंढीचं डोकं दोन्ही हातांनी फिरवलं. डोक्याचं नाक झैनोल्लासमोरून पुढे सरकलं आणि मुर्झाबेकसमोर येऊन थांबलं.

झैनोल्ला घरचा थोरला जावई. गेली अठरा वर्षं या घरात ते डोकं त्याच्याच पुढ्यात येत होतं. कान कापून मुलांना द्यायचे, गालाचं मांस काढून वडीलधाऱ्यांना वाढायचं, हे सगळं तो करत आला होता. सवयीने त्याचा हात सुरीकडे गेलाही होता. तो त्याने तसाच पुढे नेला आणि पावाचा तुकडा उचलला.

"आज मान धाकट्या जावयाचा," सासरा म्हणाला. "व्हिएन्नाला चाललाय. आपल्यातलं कुणी अल्माटीच्या पुढे तरी गेलंय का?"

"काहीतरीच काय बाबा, झेके बसलेत ना," मुर्झाबेक म्हणाला. वयाने आणि नात्याने मोठ्या असलेल्या झैनोल्लाचं नाव तो नेहमी असंच, मानाने आखडून घेई. "अहो झेके, धरा ही सुरी."

"तुझ्यापुढे आलंय ना? काप तूच," झैनोल्ला हसून म्हणाला. "आम्ही काय, डोंगरातली माणसं. तू आता इंग्रजीत जेवणार."

सगळे हसले. मुर्झाबेकही हसला. त्याने कान कापले, मुलांना दिले, आणि गालाचा सगळ्यात मऊ तुकडा सासऱ्याच्या आधी झैनोल्लाच्या ताटात ठेवला. झैनोल्लाने तो खाल्ला. त्यावर त्याने चहाचे दोन घोट घेतले.

घरी येताना गाडीत त्याची बायको नुरिला म्हणाली, "बाल्झानला तो तिकडून कोट आणणार आहे म्हणे. राखाडी रंगाचा."

झैनोल्लाने गाडीचा आरसा नीट केला.

"मी आपलं सांगितलं. बहीण आहे माझी, मला बरंच वाटलं."

"मग बरं वाटू दे."

नुरिलाने खिडकीबाहेर पाहिलं. इर्तिश नदीच्या कडेकडेने रस्ता जात होता. पाणी उन्हात चकाकत होतं.

दोघे साडू एकाच डोंगरावर पोटाला लागले होते. रशियाचं राज्य होतं तेव्हा त्या डोंगरात बोगदे खणून बॉम्ब फोडले जात. झैनोल्ला तिथला मोजणीदार. खाणकामगारांनी कुठल्या दिशेला खणायचं, ते तो दुर्बिणीतून ठरवून द्यायचा. मुर्झाबेक त्याच्या हाताखालचा नकाशे काढणारा. पेन्सिलींना टोकं कशी करायची तेसुद्धा झैनोल्लाने त्याला शिकवलं होतं. पुढे ते राज्य मोडलं, स्फोट थांबले, नव्या देशाने बॉम्ब नकोत म्हणून सांगितलं, आणि डोंगर तसाच उघडा राहिला. लोक तांब्याच्या तारांसाठी बोगद्यांत शिरू लागले. आत अजूनही असं काही उरलं होतं की ते भलत्याच्या हाती लागलं असतं तर त्यातून पुन्हा बॉम्ब झाला असता. म्हणून तीन देशांनी मिळून बोगदे बुजवायचं ठरवलं. सिमेंट आणि यंत्रं अमेरिकेची, जुने नकाशे रशियाचे, काम इथल्या माणसांचं. ओस पडत चाललेल्या शहराला पुन्हा कामधंदा मिळाला. सकाळी बसथांब्यावर रांगा लागू लागल्या.

मधल्या बेकारीच्या वर्षांत झैनोल्ला बटाटे लावत होता. मुर्झाबेक रेडिओसमोर बसून इंग्रजी शिकत होता. "पोपट आहे तुझा नवरा," असं झैनोल्ला बाल्झानला म्हणायचा. आता त्या पोपटाला इथल्या कामाचा प्रमुख केलं होतं. अमेरिकेच्या हॉलिसबाई त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. आणि देशोदेशींचे लोक व्हिएन्नात जमून असल्या कामांबद्दल बोलणार होते, तिथे डोंगराच्या वतीने उभा राहणार होता तोच.

झैनोल्लाजवळ मात्र एक गोष्ट होती. सत्त्याण्णव नंबरच्या बोगद्याच्या नकाशात एक वाट नव्हती. तोंडापासून साठ मीटर आत गेलं की डाव्या हाताला एक आखूड वाट फुटत होती आणि डोंगराच्या मागच्या घळीत, झुडपांआड, उघड्यावर निघत होती. पंधरा वर्षांपूर्वी वडील वारले म्हणून झैनोल्ला वीस दिवस गावी गेला होता. परत आला तेव्हा त्या वाटेच्या बाहेरच्या तोंडाशी दगड रचलेले होते. "हवेसाठी खोदली होती, नको झाली," तेव्हाचा मुख्य इंजिनिअर म्हणाला होता. तिथे कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. तो इंजिनिअर आता हयात नव्हता. नकाशा मुर्झाबेकने काढला होता, खाली सही त्याचीच होती, आणि वाट काढायची तो विसरला होता.

हे झैनोल्लाच्या तीन आठवड्यांपूर्वीच ध्यानात आलं होतं. पहिल्या दिवशी तो मुर्झाबेकला बाजूला घेऊन सांगायला निघालाही होता. पण तेव्हा मुर्झाबेक हॉलिसबाईंशी बोलत उभा होता, बाई कशावर तरी मान मागे टाकून हसत होत्या, आणि झैनोल्ला दहा पावलांवर थांबला, खिशातून टेप काढून उगीचच एक दगड मोजून परत फिरला. मग दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पुढचं तोंड बंद होईल, मागून कुणीतरी तारचोर आत शिरेल, चौकशी होईल, सही कुणाची ते निघेल. तो विचार त्याला रोज थोडा थोडा गोड लागू लागला. त्या चोराच्या हाती काय लागेल, याचा विचार तो करत नसे.

सासऱ्याच्या घरच्या त्या जेवणानंतर मात्र त्याला वाट पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दहाला सत्त्याण्णवच्या कागदांवर तिन्ही बाजूंच्या सह्या होणार होत्या. डोंगराच्या पायथ्याच्या लाकडी खोलीत नकाशा टेबलावर पसरला होता. हॉलिसबाई होत्या, मॉस्कोहून आलेला म्हातारा ग्लेब अर्काद्येविच होता, मुर्झाबेक मधे उभा राहून दोघांचं एकमेकांना सांगत होता. मोजणीदार म्हणून सही करायला पेन झैनोल्लाकडे आलं.

त्याने ते खाली ठेवलं.

"हा नकाशा चुकीचा आहे," तो रशियनमध्ये म्हणाला. "यात डावीकडची वाट नाही. मागच्या घळीत निघते. उद्या तुम्ही पुढून कोंडलंत तरी मागचं दार उघडंच राहणार."

ग्लेब अर्काद्येविचने चष्मा वर केला. "नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलीय. चला, दाखवतो."

हॉलिसबाई मुर्झाबेककडे पाहत होत्या. त्याने लगेच भाषांतर केलं नाही. तो झैनोल्लाकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर झैनोल्लाला बरं वाटलं असतं. एखाद्या माणसाला दाराशी ओळखावं, पण हा इथे कसा ते कळू नये, तसं काहीसं त्या नजरेत होतं.

"बरोबर आहे," मुर्झाबेक शेवटी म्हणाला. "वाट आहे. माझ्याकडून काढायची राहिली."

मग त्याने तेच इंग्रजीत सांगितलं. हॉलिसबाईंनी काहीतरी विचारलं, त्याने आखूड उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, त्याने नुसती मान हलवली. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि त्यानंतर त्या बोलल्या त्या मुर्झाबेककडे न बघता.

आठवडाभरात सगळं उलटंपालटं झालं. सह्या थांबल्या. झुडपं तोडून मागचं तोंड शोधलं, ते झैनोल्लाने दाखवलं तिथेच निघालं. दगडांतून माणूस जाईल एवढी फट होती आणि आत ताज्या सिगारेटची थोटकं पडलेली होती. ती पाहून ग्लेब अर्काद्येविच तिथेच एका धोंड्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. व्हिएन्नाच्या यादीतून मुर्झाबेकचं नाव निघालं. ज्याला डोंगर तोंडपाठ आहे त्यालाच पाठवा, असं ठरलं. कासेन म्हाताऱ्याने झैनोल्लाला फोन करून सांगितलं, "पुढच्या खेपेला मेंढी तुझ्यासाठी कापू." नुरिलाने त्याचा एकुलता एक सूट बाहेर काढला, वास घेऊन पाहिला आणि वाळत टाकला. ती त्याच्याशी फार बोलत नव्हती.

"बाल्झान काही म्हणाली का?" त्याने विचारलं.

"काय म्हणणार? गाजरं चिरत होती. चिरत राहिली."

बुजवण्याआधी ती वाट मोजून नकाशात घालायची होती. ते काम झैनोल्लाचंच. मुखवटा चढवून, छातीवर किरणं मोजायचं यंत्र लावून तो दोन माणसांसह मागच्या तोंडातून आत शिरला. वाट तीस मीटरची होती. हवेच्या वाटेला एवढी उंची कशाला, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. छत बोगद्याच्या छताइतकंच वर होतं. मग तो त्या वाटेच्या मुळाशी, जिथे ती मोठ्या बोगद्यातून फुटत होती तिथे पोचला आणि त्याने बॅटरीचा उजेड वर टाकला.

छतात लाकडी खुंटी ठोकलेली होती. पुढे चार मीटरवर दुसरी. त्यापुढे तिसरी.

बोगद्याची दिशा पक्की करताना छतात अशा खुंट्या ठोकतात, त्यांना ओळंबे टांगतात आणि कामगार त्या रेघेने खणत जातात. प्रत्येक मोजणीदाराची आपली खूण असते. झैनोल्ला खुंटीच्या बुडाला चाकूने तीन चिरा पाडायचा. दुसऱ्या कुणीच तशा पाडत नसे. तो खाली उभा राहून त्या चिरा पाहत होता. गावाकडून वडील गेल्याची तार आली त्या सकाळी त्याने मोठ्या बोगद्याचं वळण लावून दिलं होतं आणि तीन खुंट्या ठोकून तो बसकडे धावला होता. तीनच. हवेच्या वाटेसाठी त्याने आयुष्यात खुंटी ठोकली नव्हती.

"काय झालं?" बरोबरचा माणूस मुखवट्यातून म्हणाला.

"काही नाही. दुर्बीण लाव."

त्याने कोन घेतला. पुन्हा घेतला. वळण एकशे चौतीस अंशांचं हवं होतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याच्या खुंट्यांची रेघ एकशे त्रेचाळीस सांगत होती. नऊ अंश. तार हातात घेऊन त्याने आकडे उलटे वाचले होते, आणि माणसं त्याच्या रेघेवर विश्वासून दोन आठवडे खणत गेली होती, थेट उजेडापर्यंत. उजवीकडे, बरोबर दिशेने गेलेल्या मोठ्या बोगद्याच्या छतात पुढच्या खुंट्या होत्या. त्यांना चिरा नव्हत्या. त्या ओबडधोबड होत्या, ज्याला खुंट्या ठोकायची सवय नाही अशा कुणीतरी घाईने ठोकल्यासारख्या.

त्या काळी त्या डोंगरात अशा चुकीला चूक नव्हे, घातपात म्हणत. नोकरी जायचीच, पण माणसाला न्यायला गाडीही येई.

दुपारी तीनला तो कचेरीत गेला. मुर्झाबेक एकटाच होता. चहाचं पाणी नुकतंच उकळलं होतं. पुढ्यात अहवालाचा कागद होता, अर्धा रशियन, अर्धा इंग्रजी. प्रमुखपद गेलं तरी भाषांतर त्याच्याकडेच राहिलं होतं.

"बसा झेके. चहा घ्या."

झैनोल्ला बसला. टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली.

"तुला कधी कळलं होतं?"

मुर्झाबेकने दूध ओतलं, मग वर चहा. "माणसं उजेडात निघाली त्या दिवशी. तुम्ही अजून गावी होतात."

"मुख्य इंजिनिअरला गप्प बसायला तू पटवलंस?"

"त्यालाही त्याची मान प्यारी होती. फार पटवावं लागलं नाही."

"माझ्याशी का बोलला नाहीस?"

"वडिलांना माती देऊन आला होतात. आल्या आल्या काय सांगणार?" त्याने पेला पुढे सरकवला. "मग लग्न झालं माझं, घरात येणं-जाणं सुरू झालं. नंतर बोलायचं म्हटलं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं."

"आणि सह्यांच्या वेळी? सगळ्यांसमोर?"

"तेव्हा मला वाटलं, चूक कुणाची ते तुम्हाला ठाऊक असेल. ठाऊक असूनच बोलताय. मग म्हटलं, ठीक आहे."

झैनोल्लाने पेला उचलला नाही. समोरच्या माणसाची इंग्रजी, त्याचं पद, त्याचं व्हिएन्ना, याचा त्याने हेवा केला होता, आणि त्यातलं व्हिएन्ना आता त्याच्याच वाट्याला आलं होतं. तरी छातीतली ती जागा तशीच दुखत होती, उलट जास्तच. पंधरा वर्षं रोज एका माणसासमोर जेवायला बसायचं, त्याच्याकडून पोपट म्हणवून घ्यायचं आणि गप्प राहायचं. हे आपल्याला एक दिवस तरी जमलं असतं का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने मान खाली घातली.

"कागद दे इकडे."

अहवालात कारणाचा रकाना होता. तिथे मुर्झाबेकच्या अक्षरात लिहिलं होतं : नकाशा काढणाऱ्याकडून राहून गेलं. झैनोल्लाने ते एका रेघेने खोडलं आणि वर रशियनमध्ये एकच ओळ लिहिली. मोजणीदार झैनोल्ला याने वळणाचा कोन नऊ अंशांनी चुकवला. खाली सही केली.

मुर्झाबेकने ओळ वाचली. "हे दिलंत तर तुम्हाला पाठवणार नाहीत."

"नाही तर नाही."

"मलाही पाठवणार नाहीत. तेव्हा खोटा नकाशा मी काढला, हेही त्यातूनच निघेल."

"तू लिही. तुझं काम भाषांतराचं."

मुर्झाबेकने आपला पेला बाजूला सरकवला. मग त्याने कागद आपल्याकडे वळवला आणि इंग्रजी बाजूला लिहू लागला. एक ओळ झाली. दुसरी झाली. तो थांबला, विचार केला, तिसरी लिहिली. झैनोल्ला त्या वाकड्या-तिकड्या अक्षरांकडे पाहत होता. त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. नऊचा आकडा कुठे दिसतो का ते तो शोधत होता, पण दिसत होतं तेवढ्यात तो नव्हता. मुर्झाबेकच्या हाताआड निम्मा कागद झाकलेला होता.

"माझी एक ओळ होती," तो म्हणाला. "इंग्रजीत एवढी लांब होते?"

"होते," मुर्झाबेक म्हणाला आणि लिहीत राहिला.