देवतेचा रकाना

“नाय लिहा,” यशोदाबाई म्हणाल्या.

प्रश्न नववा होता: ‘या स्थळी पूजल्या जाणाऱ्या देवतेचे नाव.’ समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. आणि बाई म्हणतात, नाही लिहा.

“अहो, बुद्धांचं नाव लिहिते ना. एवढं समोर दिसतंय.”

“नाव लिहा की. देवता म्हणू नका. माणूस व्हते ते. दीक्षा घेतली तेव्हा सात वर्षांची व्हते मी. आईच्या मागं उभी राहून बावीस प्रतिज्ञा म्हणल्या. आता चार पत्र्यांसाठी शब्द फिरवू का?”

मी कपाळाला हात लावला. साल २००२. सिंहस्थ वर्षभरावर आला होता आणि सातपूरकडचे रस्ते रुंद व्हायचे होते. रस्त्यात येणाऱ्या धर्मस्थळांना दुसरी जागा मिळणार, बाकीच्या बांधकामांवर सरळ जेसीबी. धर्मस्थळ कुठलं आणि कुठलं नाही, हे ठरवायचं महापालिकेचं सर्वेक्षण आमच्या कॉलेजच्या समाजशास्त्र विभागाकडे आलं आणि माझ्या गळ्यात पडलं. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई मी, नको म्हणायची सोय नव्हती. फॉर्मच्या डोक्यावरच छापलं होतं: धर्म म्हणजे अतिमानवी शक्तीवरील श्रद्धा व तिची उपासना. नवव्या आणि ‘देवतेवर श्रद्धा आहे का’ या दहाव्या प्रश्नाला ‘नाही’ आलं की स्थळ बाद.

ही व्याख्या अपुरी का आहे, हे मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. दुसरे अभ्यासक म्हणतात, देव असो नसो. समाज काहीतरी पवित्र मानून वेगळं ठेवतो आणि त्याच्याभोवती एक होतो, तो धर्म. आणखी काही म्हणतात, मरण आणि दुःख सोसायचं बळ माणसाला कुठून मिळतं ते बघा. दहा मार्कांचा प्रश्न आहे. पोरं घडाघडा लिहितात. आणि त्यांची बाई पहिल्याच व्याख्येचा फॉर्म घेऊन उन्हात दारोदार फिरत होती. चीड येणार नाही तर काय होणार.

त्याच सकाळी झुंबरच्या पंक्चरच्या दुकानामागचा दगड सगळ्या प्रश्नांत पास झाला होता. झुंबर मोकळा माणूस. “खरं सांगू मॅडम, लोक भिंतीवर लघवी करायचे, म्हणून शेंदूर फासला. आठ महिने झाले. आता मंगळवारी नारळ फुटतात. मलाच पाया पडल्याबिगर दुकान उघडवत नाय.” देवता आहे, उपासना आहे. मी टिक केलं. झुंबरबद्दल माझी तक्रार नाही, फॉर्मबद्दल आहे.

यशोदाबाईंचा विहार म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली. कारखान्यात पॅकिंगला असताना वस्तीतल्या बायकांकडून एकेक पत्रा मागून त्यांनी ती उभी केली होती. दार त्यांतल्याच बायडाबाईनं दिलेलं.

“इथं तुम्ही करता तरी काय?” मी वैतागून विचारलं.

“बसतो. पौर्णिमेला वंदना म्हणतो. माझा पोरगा कुंदन अपघातात गेला तेव्हा घरात पाऊल टाकवत नव्हतं. महिनाभर इथंच बसले. शिफ्ट सुटली का बाया यायच्या, शेजारी बसायच्या. देवाची मर्जी, असं कोणी म्हणलं नाय. लय बरं झालं. म्हणलं असतं तर मी त्या देवाशी भांडत बसले असते.”

“यशोदाबाई, एक शब्द लिहू द्या. खोली वाचेल.”

“खोली जावी असं मला वाटतं का मॅडम? पण नाय म्हंजे नाय.”

नववा आणि दहावा रकाना मी ‘नंतर भरते’ म्हणून कोरा ठेवला. त्यांनी विश्वासानं खाली सही केली.

विभागप्रमुख आहिरराव सरांपुढे मी फॉर्म आपटलाच. “सर, ही व्याख्या आपण वर्गात मोडीत काढतो.”

“वर्गात काढ. हा ऑफिसचा फॉर्म आहे. खाली शेऱ्याला जागा आहे, तिथे खरं काय ते लिही. मी बघतो.”

मी बघतो, हे मी अकरा वर्षं ऐकत होते. माझ्या पर्मनंट ऑर्डरचंही सर बघतच होते. घरी येऊन मी नवव्या रकान्यात ‘भगवान बुद्ध’ लिहिलं, दहाव्यात ‘देवतेवर श्रद्धा: हो’. शेरा कोराच ठेवला. बाईंच्या हट्टापायी बाईंचीच खोली जायला नको, असं वाटलं. शहाणी ना मी.

तीन आठवड्यांनी पडताळणीला ऑफिसचे साहेब आले. आहिरराव सर होते, मी होते, वस्तीतल्या बायका दारात गोळा झालेल्या. साहेबांनी फॉर्म वाचून विचारलं, “तुम्ही बुद्धाला देव मानता, असं इथं लिहिलंय. बरोबर?”

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणा म्हणून.

“मी असं बोलले नाय.”

“सही तुमची आहे.”

“सही माझी हाय. बोलणं माझं नाय.”

साहेबांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. माहिती खोटी, स्थळ अपात्र.

परतताना रिक्षात सर म्हणाले, “मंजुषा, शेऱ्यात खरं लिहिलं असतंस तर मी त्यावर भांडलो असतो. आता कशाच्या जोरावर भांडू?” करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यानंतर मी तीन अर्ज केले, चूक माझी आहे म्हणून लिहून दिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खोली पाडली.

वैशाखी पौर्णिमेला संध्याकाळी मी गेले. कुठल्या तोंडानं जायचं, हा विचार करत दोन बस सोडल्या होत्या. खोलीच्या जागी खडी पसरलेली होती. बायकांनी तिथला एक तुकडा झाडून पांढरी चादर अंथरली होती, स्टुलावर मूर्ती ठेवली होती. शेजारून ट्रक धूळ उडवत जात होते.

“यशोदाबाई, माझं चुकलं.”

त्या हाताच्या आडोशानं मेणबत्ती पेटवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “माझ्या नावानं खोटं लिहायला नव्हतं पायजे तुम्ही.”

“हो.”

मेणबत्ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा लागली. बायका सरकून बसल्या आणि चादरीच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. मी पुढे पाऊल टाकलं.

“मॅडम,” यशोदाबाई म्हणाल्या, “चपला तिकडं काढा.”

दार नव्हतं, उंबरा नव्हता. तिकडं म्हणजे कुठं, ते बायकांच्या चपलांच्या रांगेवरून कळलं. मी रांगेच्या शेवटी माझ्या काढल्या आणि आत गेले.