सालीतलं तेवढंच खरं

मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि, मित्रांनो, कोणावर चटकन विश्वास ठेवण्याची माझी खोड जन्मतःच मोडली. लोहाराने मला चिमट्यात अलगद धरले, तेव्हा मला वाटले, किती मायाळू माणूस! पुढच्याच क्षणी ऐरणीवर हातोडा बसला. तेव्हापासून कोणी गोड हाताने उचलले की माझे कान टवकारतात. त्यातल्या एका कानाजवळ घाव जरा जास्तच पडला आणि अंगठ्याएवढा खळगा राहून गेला.

भांड्यांच्या दुकानात मला घ्यायला आल्या त्या माझ्या मालकीणबाई. नवे लग्न झालेल्या, पण नजर पोलिसाची. त्यांनी मला बोटाने वाजवले, हुंगले, उजेडाकडे धरून भोक शोधले.

"गळत तर नाही ना?"

"अहो बाई, लोखंड आहे ते. गळायला काय गाळणी आहे?" दुकानदार म्हणाला.

तरी बाईंनी मला काठोकाठ पाणी भरायला लावले आणि खाली फडके अंथरून वाट बघत उभ्या राहिल्या. मला मनातून बरे वाटले. ही माझ्याच जातीची!

त्यांनी तेल चोळून, तापवून, पुन्हा चोळून मला काळेभोर केले. पुढे कित्येक वर्षे त्या घराची चव माझ्या पोटातून गेली. बाईंच्या रश्श्याची ख्याती होती. वाटण मात्र त्या दार लावून वाटत. पाहुणे बोटे चाटत विचारायचे, "काय घातलंय हो यात?" त्यावर बाईंचे ठरलेले उत्तर असे, "हात."

मग त्यांच्या मुलाचे लग्न झाले आणि त्या सासूबाई झाल्या. मुलगा बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करायची. तिने येताना गुळगुळीत, हलका, न चिकटणारा तवा आणला. त्याच्यापुढे माझे वजन कोणाला पेलेना. माझी रवानगी ओट्याखालच्या कप्प्यात, फरशी पुसायच्या बादलीमागे झाली. मला गंज चढला. भंगारवाल्याची हाक आली की मी अंग चोरून बसे. सूनबाई पाय न वाजवता चालायची, म्हणून माझा तिच्यावर जास्तच डोळा होता.

पुढे सासूबाईंना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. सासूबाई ती काही घेईनात.

"गोळ्या घेऊन माणूस झोपतो," त्या म्हणायच्या, "आणि जागा होतो तेव्हा घर दुसऱ्याचं झालेलं असतं."

एके दिवशी मुलगा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "भाजीत कुटून घाल. कळायचं नाही तिला."

"त्यांना कळेल," सूनबाई म्हणाली.

"घाल गं. चक्कर येऊन पडली म्हणजे?"

सूनबाई बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. मग तिने लाटण्याखाली गोळी भरडली आणि भोपळ्याच्या रश्श्यात ढवळली. बादलीमागून मी सगळे पाहिले. मला वाटले, बघा, मी म्हणतच होते!

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे तोंड हलायचे थांबले.

"कडू आहे."

"भोपळाच कडू निघाला असेल," मुलगा ताटावरून मान वर न करता म्हणाला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी घरचे अन्न सोडले. केळे स्वतः सोलायचे, अंडे स्वतः फोडायचे. "सालीतलं तेवढंच खरं," असे म्हणत त्या दिवस काढू लागल्या. सूनबाईने पुन्हा कधी गोळी घातली नाही, पण आता तिच्या हातच्या पाण्याचाही वास घेतला जाई. सासूबाईंच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. गॅलरीत उभ्या राहून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितले, "मला खाण्यातून काहीतरी घालतायत." काकूंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. बातमी औषधांच्या दुकानापर्यंत पोहोचली. दुकानमालकांनी औषधांच्या कपाटाची चावी सूनबाईकडून काढून घेतली.

त्या दुपारी ती लवकर घरी आली आणि स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. बसल्या बसल्या तिची नजर माझ्यावर गेली. तिने बादली सरकवली, मला दोन्ही कानांनी धरून ओढले. मी समजले, आता भंगारवाला! पण तिने मला मीठ लावून घासले. गंजाचे लाल पाणी मोरीतून वाहत राहिले आणि ती घासतच राहिली. मग विजेची छोटी शेगडी उचलून तिने सासूबाईंच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवली आणि वर मला.

"आई, हिला ओळखता?"

सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांचा अंगठा खळग्यात जाऊन बसला.

"ही माझी आहे."

"तुमचीच. माझं यात काही नाही. वाटण नाही, पूड नाही. बघा तुम्ही."

तिने मटारच्या शेंगांचा ढीग सासूबाईंच्या मांडीवर ओतला. "तुम्हीच सोला."

सासूबाईंनी एकेक दाणा उजेडाला धरून पाहिला. तेलाची बाटली हुंगली. मिठाचा कण जिभेवर ठेवला. मग लसूण ठेचून माझ्यात पडला, तडतडला, आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगात ऊब शिरली. त्यावर दाणे पडले.

सूनबाईने झाकण उचलले. "झाकू नकोस!" सासूबाई ओरडल्या. म्हणून पाण्याचा हबका मारत दाणे उघड्यावरच शिजले. कडा जराशा सुरकुतल्या, रंग मात्र पानासारखा हिरवागार राहिला, आणि खोलीभर गोडसर वास पसरला.

"आधी तू खा."

सूनबाईने गरम घास तोंडात टाकला. जीभ भाजली.

"गिळ."

तिने गिळला. सासूबाई तिच्या गळ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी भोपळ्यात काय होतं?"

मित्रांनो, मी पैज लावली असती, की आता ही खोटे बोलणार. भोपळ्यावर ढकलणे किती सोपे होते! नवऱ्याचे नाव पुढे करणे त्याहून सोपे.

"गोळी होती," सूनबाई म्हणाली. "डॉक्टरांनी दिलेली. मी कुटून घातली. चुकलं माझं."

सासूबाईंनी मांडीवरची रिकामी टरफले बाजूला सारली.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"नाही आई. तुमची जीभ बरोबर होती."

सासूबाईंनी ताटली आपल्याकडे ओढली आणि शेवटचा दाणाही बोटाने टिपून खाल्ला.

त्यानंतर शेगडी त्या खोलीतून हलली नाही. बाजारात जे ताजे, तेच माझ्यात पडू लागले. थंडीत गाजर आणि जाड चिरलेला कोबी, मोठ्या आचेवर, म्हणजे कडा खरपूस होतात आणि आत कच्चेपणाची कुरकुर राहते. पावसाळ्यात पालेभाजी, तिच्याच पाण्यात, आणि शिजताच बाहेर, नाहीतर माझ्या अंगाला लागून ती काळी पडते. उन्हाळ्यात दोडका, त्याच्या सालीसकट. प्रत्येक वेळी मीठ सासूबाईंच्या हातचे. गोळी आता बशीत, अख्खी. बहुतेक दिवशी त्या घेतात. एखाद्या दिवशी "आज नाही" म्हणतात. मुलगा कपाळाला आठ्या घालतो, पण कुटायचे नाव कोणी काढत नाही.

काकूंना सासूबाईंनी स्वतः बोलावून घेतले. "मी खोटं नव्हते बोलले," त्या म्हणाल्या, "पण अर्धंच बोलले. उरलेलं ऐका, आणि दुकानात जाऊन तेही सांगा." काकूंनी सांगितले. चावी परत आली.

संशय मात्र गेला नाही, सासूबाईंचाही नाही आणि माझाही नाही.

परवाच काकू झाकलेला वाडगा घेऊन आल्या. मन साफ करायला म्हणून दाट, तेलाचा तवंग आलेला रस्सा केला होता. सूनबाई कामावरून भुकेली आली होती. तिने वाडग्यात चमचा बुडवला, तोच सासूबाईंनी तिचे मनगट घट्ट धरले.

"ठेव ते. आत काय आहे, काही दिसत नाही. तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू?"

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सूनबाईने चमचा खाली ठेवला. ते मनगट तिने सोडवून घेतले नाही.

मित्रांनो, लोखंडी भांडे ओले ठेवू नका, त्याला तेलाचा हात फिरवा. आणि ज्याच्या पोटात घास जायचा आहे, त्याला तो चुलीवर असतानाच दाखवा.