धुतलेले दगड

सत्यवतीचा नेम कधी चुकला, असं गावात कोणी सांगू शकलं नसतं. अंगात ताप असो, नाहीतर वावरात मेथीच्या जुड्या बांधायची घाई असो. पहाटे आंघोळ, गळ्यातल्या जपाच्या गाठीवर नामस्मरण, मग देवघरातली पितळी डबी उघडून आतल्या पाच विशेषांना एकेक दंडवत, आणि त्यानंतरच चहाचा घोट. विशेष म्हणजे ज्या जागेला देवाचा स्पर्श झाला तिथल्या दगडाचा तुकडा. दिसायला साधा खडा. रिद्धपूर तिच्या गावाहून सायकलच्या वाटेवर, त्यामुळे पाचातले तीन तिथलेच. लग्नात डबी हाती देताना आईनं तिच्याकडून पाचही स्थानं पाठ करून घेतली होती. "खडा फुटला तरी चालते बाई," आई म्हणाली होती, "पण थो कुठचा हे इसरली, तं मंग थो गोटाच."

नवऱ्याचे दगड मात्र तिनं कधी मनावर घेतले नव्हते. देवीदास वांगी-भेंडी पिकवणारा माणूस. भाजीचा टेम्पो सकाळी अमरावतीच्या वाटेला लागला की हा सायकलला पिशवी अडकवून निघायचा. कधी सातपुड्याच्या पायथ्याच्या गिट्टी खदानीत, कधी नाल्याच्या वळणावर, कधी पुंजाजीच्या नव्या विहिरीतून निघालेल्या ढिगावर. परत यायचा तो शिंपले, हाडांचे तुकडे, झाडाचं खोड असावं असे दगड घेऊन. हाडं अशी की उचलली तर दगडासारखी जड. गाव त्याला गोटेमास्तर म्हणायचं. पुंजाजी तर भर पारावर विचारायचा, "काय मास्तर, आज वांग्यात गोटे का गोट्यात वांगे?" देवीदास हसायचा. म्हणायचा, "पुंजाजी, तुह्या विहिरीत जे निघालं थे तुह्या खापरपणज्याच्या खापरपणज्याहून जुनं हाय. जरा अदबीनं बोल."

पौषात एका सकाळी वांग्याच्या सरीतच तो कलंडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "हो." जेवता का, हो. दुखते का, हो. मुलगा किशोर लहान आहे का मोठा, हो. डॉक्टरांनी किशोरला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना आतून कळतं बरंच, पण बाहेर येताना दुसरंच येतं; मान हलली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

सत्यवतीनं ऐकलं, आणि त्याच दिवशी मनाशी एक नवा नेम धरला. दगडांना दंडवत घालणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. देवाचा संबंध नाही त्या गोट्यापुढे डोकं टेकायचं नसतं. पण नवऱ्याचं काम त्याच्या नावानं चालू ठेवायला कोणाची मनाई होती? नवा दगड आणला की तो ओसरीवर बसून जुन्या दात घासायच्या ब्रशनं त्याची माती झाडायचा, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. तो बरा होईपर्यंत रोज सकाळी त्याची हिरवी पेटी उघडायची, दगड पाण्यानं धुवायचे, ब्रशनं घासायचे, उन्हात वाळवून पुन्हा कापसात ठेवायचे. साठेक दगड. रोज आठ-दहा झाले की पुढचे उद्या, आणि शेवटचा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

दगडांवर जांभळे आकडे होते. नातीच्या, खुशीच्या, स्केचपेननं घातलेले. सत्यवतीला त्याचं काही वाटलं नाही. तीस वर्षं ती भाजीच्या कॅरेटवर खडूनं घातलेले आकडे पाहत आली होती. टेम्पोत कॅरेट कमी-जास्त होऊ नयेत म्हणून घालायचे, आणि रिकामे परत आले की ओल्या फडक्यानं पुसायचे. पुसायचं काम तिचंच. दगडही यांनी मोजले असतील, असं ती धरून चालली. मोजणी काय, पुन्हा होते.

पहिल्या दिवशी बादलीतलं पाणी जांभळं झालं. खाटेवरून देवीदासनं मोठा आवाज काढला. "हो, हो, हो." डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"पायलं का, बेबीताई," ती कुंपणापलीकडच्या शेजारणीला म्हणाली, "आपलं काम कोणी करून राहिलं हे पाहून यायले भरून आलं."

चैत्रात बाई आल्या. ज्योत्स्ना नाव, नागपूरकडच्या एका संस्थेत जुन्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करायच्या. पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. आजारपणाच्या दोनच आठवडे आधी देवीदासनं त्यांना मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. तळहातावर ठेवलेला सुपारीएवढा जबडा, त्यात दोन दात. बाईंनी लगेच विचारलं होतं, कुठे सापडला ते लिहून ठेवलंय का? त्यानं उत्तर दिलं होतं: वहीत लिहिलं आहे, दगडावर नंबर टाकला आहे, तुम्ही या. नंतर तो फोन उचलेनासा झाला, तेव्हा त्यांनी गावात विचारत विचारत किशोरला गाठलं.

सत्यवतीनं चहा ठेवला, पेटी ओसरीवर आणली. बाई खाटेजवळ खुर्चीवर बसल्या, देवीदासचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काका, किती वाट पाहायला लावली मी. तुमच्यासारखे डोळे आमच्याकडे चार जणांनाही नाहीत. असा जबडा आपल्या भागात मी अजून पाहिलेला नाही."

"हो," देवीदास म्हणाला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

"लय मोठी गोष्ट हाय का, मॅडम?" किशोरनं विचारलं. तो भाजीचा टेम्पो चालवायचा. बापाच्या दगडांवर आजवर चेष्टेपलीकडे काही बोलला नव्हता.

"मोठी म्हणजे, उंदराएवढा प्राणी होता. पण प्रश्न असा, की तो महाकाय प्राणी मेले त्याच्या आधी जगला की नंतर. खदानीचा थर जुना आहे, विहिरीतला त्याच्या वरचा. नाल्यात दोन्हीकडचं वाहून येतं. म्हणून कुठून उचलला यावर सगळं आहे. वहीत लिहिलंय, असं काकांनी कळवलं होतं. ती वही दाखवा."

वही देवघराखालच्या कपाटात होती. शाळेची दोनशे पानी. बाई पानं उलटत गेल्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू बदलला. "अरे, हे बघा. चौदा, पुंजाजीची विहीर, तीस फुटांखालचा माल, पांढरी माती, लहान हाड. एकोणीस, खदान, उत्तरेची भिंत, काळ्या दगडाखाली हातभर, लहान हाड, दात. तेहतीस, नाल्याचं वळण, बाभळीजवळ, जबडा वाटतो. अडतीस, विहीर, जबडा वाटतो. प्रत्येक दगडाचं लिहिलंय. आमचे विद्यार्थी एवढं लिहीत नाहीत हो." त्यांनी पेटीतल्या कापसातून जबडा अलगद उचलला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग दुसरा दगड घेतला. मग तिसरा.

"नंबर कुठे आहेत?"

चहा उतू गेल्याचा वास आला, पण सत्यवती हलली नाही.

"काकू, यांच्यावर नंबर होते ना?"

"होते जी," सत्यवती म्हणाली. "मी धुतले. रोज धुतले."

"काहून?" किशोरनं विचारलं.

"यायच्यासाठी."

बाईंनी डोळे मिटून घेतले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सत्यवतीला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. जबडा उजेडाकडे धरून भिंगातून पाहत राहिल्या. "मातीचा एखादा कण तरी चिकटलेला हवा होता. पांढरी की काळपट, तेवढ्यावरून काही बोलता आलं असतं." हाड आरशासारखं स्वच्छ होतं. दातांच्या फटीतूनसुद्धा सत्यवतीनं ब्रश फिरवला होता.

"लय घाण होती त्यात," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

"यायलेच इचारा ना," किशोर म्हणाला. तो खाटेशी गुडघ्यावर बसला. "बाबा, इकडं पाहा. हा जबडा. विहिरीचा का?"

"हो."

"नाल्यातला?"

"हो."

"का खदानीतला?"

"हो." देवीदासच्या कपाळाची शीर फुगली. त्यानं डावा हात उचलला, हवेत काहीतरी दाखवलं. दार, की दारापलीकडचं अंगण, की नुसता उजेड. हात खाली पडला. बाईंनी वही त्याच्यासमोर धरली, एकेका ओळीवर बोट ठेवलं. तो प्रत्येक ओळीला हो म्हणाला. मग त्यानं सत्यवतीकडे पाहिलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं, अगदी पहिल्या दिवशी आलं होतं तसंच.

तेव्हा तिला कळलं. बादली जांभळी झाली तेव्हा या माणसाला भरून आलं नव्हतं. तो ओरडत होता. अडीच महिने रोज सकाळी, तिच्या डोळ्यांसमोर, नको नको म्हणून ओरडत होता, आणि तोंडातून हो निघत होतं. आणि ती पदरानं डोळे पुसून पुढचा दगड घेत होती.

"माय, तू एकदा मले तरी इचारायचं," किशोर म्हणाला. पण विचारलं असतं तर आपणही "धू" म्हणालो असतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुपारी तिघं जागा पाहायला गेली. सत्यवतीनं स्वतः म्हटलं, मीही येते. पण दाखवणार काय? बांधापलीकडे ती कधी त्याच्याबरोबर गेलीच नव्हती. बांधापर्यंत भाकरी पोचवायची आणि परतायचं. पुंजाजीच्या विहिरीवर गेली, तर ढीग उचलून रस्त्याच्या भरावात टाकलेला. पुंजाजी डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर रोज थे माती चाळणीनं चाळे. आमी हासो. एवढ्या कामाचं हाय म्हणून सांगतलं असतं, तं ट्रॉलीभर राखून ठेवली असती ना, बाप्पा." नाल्याच्या वळणावर बाभूळ होती. ती नुसतीच होती.

संध्याकाळी ओसरीवर बसून बाईंनी जबडा एका छोट्या पारदर्शक डबीत ठेवला. सोबत छापील चिठ्ठी होती, तिच्यात रकाने. शोधणाऱ्याचं नाव या रकान्यात त्यांनी देवीदासचं पूर्ण नाव, गावासह, ठसठशीत अक्षरात लिहिलं. मग पेन थांबलं.

"इथं काय लिहिता?" सत्यवतीनं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"स्थान."

तो शब्द बाईंच्या तोंडून तिनं ऐकला आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या गाठीकडे गेला. "मंग आता?"

"अज्ञात लिहावं लागेल, काकू. हाडाची आतून तपासणी करून पाहू आम्ही, पण खोटी आशा देत नाही. जबडा खरा आहे, काकांचं नाव राहील. फक्त त्याच्यावरून काही सिद्ध करता येणार नाही."

"म्हंजे गोटाच."

"तसं नका म्हणू," बाई म्हणाल्या. पण गोटा नाही, असंही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सत्यवतीनं आंघोळ केली, नामस्मरण केलं, डबी उघडली. पाच विशेष, पाच स्थानं. ओठ न हलवता ती म्हणत गेली, एकही चुकलं नाही. दंडवत घालून उठली ती थेट हिरव्या पेटीकडे गेली. बादली भरली नाही. ब्रश तिनं चुलीत घातला होता.

पेटी तिनं खाटेजवळ ओढली. देवीदास जागा होता. तिचे रिकामे हात पाहत होता. तिनं वही मांडीवर उघडली. पहिला दगड घेतला, शिंपला होता, कडेला थोडा तुटलेला. तो त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"घाई नाही जी आपल्याले," ती म्हणाली. "हा कुठचा?"

"हो."

तिनं वहीतली पहिली ओळ वाचली. त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग दुसरी वाचली.

"हो," देवीदास म्हणाला. "हो."

बाहेर किशोर टेम्पोत कॅरेट चढवत होता. आकडे घालून झालेले, ओळीनं लावलेले. सत्यवतीनं तिसरी ओळ वाचली.