शून्यावरचं बटण

मित्रांनो, मी एक म्हातारा व्हेंटिलेटर आहे. अतिदक्षता विभागातल्या सहा नंबरच्या खाटेशेजारी माझी चौदा वर्षं गेली. आता अडगळीच्या खोलीत, मोडक्या स्ट्रेचरला टेकून उभा आहे. त्याची तक्रार नाही. पण एक गोष्ट मनात सलते, ती सांगून टाकतो.

माझ्या अंगावर एक लहानसं बटण आहे. पेशंटनं श्वास सोडला तरी छातीत थोडी हवा दाबून धरायची, हे त्याचं काम. आमच्या मोठ्या सिस्टर पहिल्याच तासाला डॉक्टरांना विचारून ते पाचावर आणायच्या. फुप्फुसं ठणठणीत असली तरी! "फुगा पार चिकटला की फुगवताना जीव जातो. मग चिकटूच कशाला द्यायचा?" असं त्या म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि ती सवयही त्यांच्याबरोबर गेली.

मग एक रंगारी आला. शिडीवरून पडला होता, डोक्याला मार होता, छाती मात्र साफ. नवे डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं चांगली आहेत. हा दाब शून्यावर राहू दे, लागला तर वाढवू." माणूस वाईट नव्हता हो, घाईत होता. रंगाऱ्याची लेक रोज दारापाशी विचारायची, "बाबांचा श्वास नीट चाललाय ना?" तिला उत्तर मिळायचं, "मशीन उत्तम चाललंय."

चाललं होतं मेलं! आणि आत फुप्फुसांचे कोपरे एकेक करून मिटत होते. मला ते कळत होतं, पण स्वतःचं बटण फिरवायला मला हात कुठे होते? चौथ्या दिवशी रक्तातला प्राणवायू घसरला. मी घसा फोडून ओरडलो. धावपळ झाली. बटण आठावर, दहावर, बारावर गेलं. वरातीमागून घोडं! मिटलेल्या कोपऱ्यांत न्यूमोनियानं ठाण मांडलं होतं. नवव्या दिवशी रंगारी गेला. डोक्याची जखम तर भरत आली होती.

लेक आत आली. बापाच्या नखांत अजून निळा रंग होता, तो तिनं पदरानं पुसून पाहिला. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू खूप केलंस रे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बटणाशेजारी चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं, 'शून्यावर ठेवण्याआधी विचार करा'. ती अजून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माणूस धडधाकट दिसतो म्हणून त्याची काळजी उद्यावर ढकलू नका. त्या मुलीनं मानलेले आभार अजून माझ्याकडेच पडून आहेत, आणि ते माझे नाहीत.