चौथं रहस्य

मह्या जिभेला हाड न्हाई, हे सगळ्या टेंभुर्णीला ठाऊक हाये. चिडले की मी कोणाच्या बापाचं ऐकत न्हाई. पण एकदा देवासमोर बसून चिडले, त्याचीच ही गोष्ट.

आमी किरिस्ताव. फादर म्हैन्यातून एकदा सायकलीवर यायचे, बाकीचे दिवस देव आमचा आमीच सांभाळायचा. दिवेलागण झाली की मारियामायच्या तसबिरीसमोर बसून जपमाळ म्हणायची. माळीत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, एकेकाला रहस्य म्हणत्यात. घरात माणसंबी बराबर पाच, म्हणून फादरनं ती वाटूनच दिल्ती. पयलं सासूचं, दुसरं आमच्या मालकाचं, तिसरं महं, चौथं मह्या लेकाचं, पुंजारामचं, पाचवं धाकल्या उषाचं. ज्याचं रहस्य त्यानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागं. मह्या पाळीला नेमकी शेळी जवारीच्या टोपल्यात तोंड घालायची. मंग मी "नमो मारिये, हाट मेले, कृपेने पूर्ण" असं म्हणायची, आन पुंजा तोंडात गमजा कोंबून हसायचा.

पोराचा आवाज लई गोड. फादर म्हणले, ह्याला शिकवून मास्तर करू, गावोगाव प्रार्थना शिकवील. मी हरकून होय म्हणाले, पोराला इचारलंच न्हाई. चोपन्न सालची दिवाळी झाली आन पोरगं न सांगता जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला गेलं. मागून चिठ्ठी आली, ती उषानं वाचली. मला मास्तर व्हायचं न्हाई, माय, एवढंच व्हतं तिच्यात.

महा जीव असा जळाला! त्या सांजंला पुंजाची पाळी आली तशी मी सरळ दहा मणी वलांडले. ज्याचं तोंड घरात न्हाई, त्याचं रहस्य घरात न्हाई, म्हणाले. सासू म्हणली, असं मोडू नको बाई. उषानं रडत रडत पाचवं म्हणलं. तवापसून चार म्हैने आमच्या घरात माळ चारच रहस्यांची. मला वाटायचं, येईल की मुकाट्यानं, मंग त्याच्याच तोंडून म्हणवून घेईन.

फाल्गुनात मच्छिंद्र नावाचा पोरगा आला. पुंजासंगं एका खोलीत राहायचा, हिंदू घरचा. उंबऱ्यातच बसला आन रुमालातून पुंजाची माळ काढून मह्या हातात दिली. ताप लई जल्दी चढला, म्हणला, कळवायला सवडच मिळाली न्हाई. तिथल्या किरिस्तावांनी माती दिल्ती.

मला रडूच येईना. मी एकच इचारलं, माळ म्हणायचा का? मच्छिंद्र म्हणला, रोज. दिवे लागले की बसायचा आन सगळ्या घराची म्हणायचा. आजीची खोकत खोकत, बापाची पुटपुटत. तिसऱ्याला मधीच "हाट मेले" म्हणायचा. मच्छिंद्रला वाटायचं ते आमच्या मंत्रातलंच हाये, त्यालाबी पाठ झाल्तं. सासूला रडता रडता हसू फुटलं. मलाबी फुटलं.

मंग मी इचारलं, "आन चौथं?"

"चौथ्याला गप बसायचा. नुस्ते मणी सरकवायचा. म्या इचारलं, हे का न्हाई म्हणत? तर म्हणला, हे महं हाये. हे माय घरी म्हणती."

सगळ्यांनी मह्याकडं पाह्यलं. आपलं काय चुकलं, हे मच्छिंद्रला कळेना. तो बिचारा सांगतच राह्यला. शेवटच्या दिवशीबी दिवेलागणीला पुंजानं माळ हातात धरल्ती. डोळे मिटून म्हणला, आता महं चाललं असंल. त्याच्यानंतर बोलला न्हाई.

त्याच येळंला मी इथं दहा मणी वलांडून पुढं गेल्ते. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, हेच तर दर मण्याला मारियामायला मागायचं असतंय. मह्या लेकराच्या मरणाच्या येळंला त्याच्यासाठी कोणीच मागितलं न्हाई. तो मह्या भरवशावर गप राह्यला, आन मी रागानं.

आता चौथं मी म्हणते. दहावा मणी आला की हात पुढं जात न्हाई, परत पयल्यावर येतो. उषा शेजारी बसून असती. माय, मही पाळी कधी, म्हणती.

थांब लेकरा, म्हणते मी, पुंजाचं अजून बाकी हाये.