इस्त्रीखाली उमटणारा डाग

पाच वाजायला आले की माझं कामातलं लक्ष उडतं. अजूनही उडतं. आमच्या लॉन्ड्रीत बॉयलरच्या वर भिंतीला मोठं घड्याळ आहे. चाळीस वर्षं मी त्याच्याकडे बघितलं ते माल वेळेत निघतो की नाही एवढ्यासाठी. त्या महिन्यात मात्र छोटा काटा पाचाकडे सरकायला लागला की माझ्या हातातली घडी चुकायची. माझी घडी चुकते म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना विचारा.

पण सुरुवातीला मी घाबरले नव्हते, चिडले होते. आधी तेच सांगते, झाकून ठेवून उपयोग नाही.

आमची सून रोलरवर उभी असायची. दोन तापलेले रोलर असतात, त्यांच्यात एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक बाहेर येते. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, दिवसाला सहाशे. घालायचं काम तिचं, ओढून घडी घालायचं माझं. पोरीचे हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. सगळे मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात, तोंडावर म्हणणारी ती एकटीच.

एका दुपारी पाचच्या सुमाराला ती मधेच थांबली.

"आई, थंडी वाजतेय."

तापलेल्या रोलरसमोर उभं राहून थंडी! मी म्हटलं, "बरोबर पाचला वाजते बरी. सहाला गाडी भरायची असते ना!"

ती गुमान बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी टुणटुणीत, आणि पाचला पुन्हा हुडहुडी. तिसऱ्या दिवशी तेच. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुझा ताप कुठे नोकरीला आहे का? वेळेवर हजर, वेळेवर घरी!" बायका फिदीफिदी हसल्या. तीही हसली, दातावर दात वाजत असताना. ते हसणं काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग घसा धरला. मनगटं सुजली, इतकी की चादरीचं टोक चिमटीत राहीना. एकदा टोक सुटलं, चादर रोलरमध्ये वाकडी गेली, अडकली आणि करपली. ती करपलेली चादर मी तिच्या अंगावर भिरकावली. "काम नको असेल तर सरळ सांग. नाटकं माझ्यापुढे चालत नाहीत." माझा मुलगा दारात गाडी धूत होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घातली. आमच्या घरात मला उलटून बोलायचं नाही, आणि हा कायदाही मीच केलेला.

त्याच दिवशी सव्वापाचला ती रोलरपाशी कोसळली. मी उचलायला गेले. इस्त्र्या धरून माझे तळवे निबर झालेत, त्यांना सहसा काही भाजत नाही. तिचं अंग भाजलं.

दवाखान्यात नऊ दिवस झाले. एक सलाइन संपलं की दुसरं, एक अँटिबायोटिक झालं की त्याच्याहून जबर. रक्त काढून जंतू वाढतात का बघायला ठेवलं, काही वाढलं नाही. मोठे डॉक्टर रोज सकाळी दहाला यायचे. तेव्हा तिचं अंग गार असायचं.

"उतरतोय ताप, आजी."

"उतरत नाही हो डॉक्टर, घरी जातो. पाचला परत येतो."

नर्सच्या कागदावर तापाच्या रेघा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या वर, खाली, वर, खाली. ते त्या बघायचे आणि म्हणायचे, "जंतू कुठेतरी दडून बसलाय. सापडेल."

मी पुरळाचंही सांगितलं. ताप चढला की तिच्या पोटावर, दंडांवर, मांड्यांवर फिकट गुलाबी ठिपके यायचे. ताप गेला की पुसून टाकल्यासारखे गायब. डॉक्टर दहा वाजता बाही वर करून बघायचे, कातडी कोरी करकरीत. "घामोळं असेल." मुलाने मोबाइलवर फोटो काढला, तर बल्बच्या उजेडात बायको पिवळी, भिंत पिवळी, ठिपका एकही नाही. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर असायचा, तीन वॉर्डांना मिळून एकटा. त्याला गाठून आणेपर्यंत साडेआठ व्हायचे आणि ठिपके निघून गेलेले असायचे.

आठव्या दिवशी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. थुंकलेलं पाणी तिने बघितलं, मग मी बघितलं. तिच्या अंगाखालची चादर आमच्याच लॉन्ड्रीतली होती, कोपऱ्याला लाल दोऱ्याची खूण. घडीची रेघ अर्धा बोट वाकडी पडली होती. त्या आठवड्यात सगळ्याच वाकड्या पडत होत्या.

नववा दिवस गुरुवार होता. गुरुवारी सकाळी बाहेरगावाहून सांध्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, बाराच्या गाडीने परत जायच्या. सुजलेली मनगटं बघून नर्सनेच त्यांना आणलं. बारकीशी मुलगी, माझ्या धाकट्या भाचीएवढी. पण तिने मनगटं दाबली, मान चाचपली, बरगडीखाली बोटं रुतवली आणि कंगव्याचा कागद बराच वेळ धरून उभी राहिली.

"पुरळ येतं?"

आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. तिने हात वर केला. "मला एक शंका आहे. ती खरी असेल, तर जंतू नाहीतच. शरीराची राखणच, म्हणजे प्रतिकारशक्ती, पिसाळलीय, आणि मला तिला दाबणारं औषध द्यावं लागेल. पण आत खरंच जंतू असला आणि मी राखण दाबली, तर तो हिला सोडणार नाही. मोठे डॉक्टर त्यालाच भितात, आणि त्यांचं चूक नाही. मला ते पुरळ माझ्या डोळ्यांनी दिसायला हवं."

"मग पाचला या," मुलगा म्हणाला.

"पाचला मी दुसऱ्या दवाखान्यात असते. संध्याकाळच्या डॉक्टरांना सांगून ठेवते."

"ते साडेआठला येतात," सून म्हणाली. आवाज असा, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. "आणि तुमची शंका खरी असून औषध नाही दिलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हिरड्यांकडे बघितलं आणि कंगव्याचा कागद पुन्हा उचलला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

आमच्या धंद्यात एक डाग असतो, साखरेच्या पाण्याचा. सरबत सांडतं, कुणीतरी पुसतं, वाळतं, आणि चादर पांढरीशुभ्र दिसते. गिऱ्हाईक शपथेवर सांगेल, डाग नाही म्हणून. आणि इस्त्री फिरली की तो तपकिरी होऊन वर येतो. म्हणून संशय आला की मी आधी कोपऱ्यावर गरम इस्त्री टेकवून बघते. लपलेल्याला ऊब दिली की तो तोंड दाखवतो.

आणि मग मला आठवलं. कोसळायच्या दोनतीन दिवस आधी ती रोलरमधून निघालेल्या गरम चादरींचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. खाली ठेवला तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर गुलाबी ठिपके. मी म्हटलं होतं, "महाराणींची कातडी बघा, चादरसुद्धा टोचते." तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ताप यायला दोन तास होते.

"बाई," मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा. मी दाखवते."

नर्सच्या कोपऱ्यात चहाची विजेची किटली होती. मी टॉवेल घेतला, पाणी ओतलं, पिळला.

"आजी, हे काय चालवलंय?" नर्स धावत आली.

"माझं काम."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार गरम नको."

"चाळीस वर्षं तेच बघतेय." टॉवेल मी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितला. तळव्यावर माझा विश्वास नाही. तान्ह्या मुलाच्या अंघोळीला चालेल इतका निवला, मग सुनेच्या दंडावर गुंडाळला.

"आता मलाच इस्त्री करणार का?" ती म्हणाली. मग हळूच, "आई, काही नाही आलं तर?"

"तर मी खोटी पडेन. तुझं काय जातंय?" मी म्हटलं. मी साठ आकडे तीनदा मोजले. चौथ्यांदा मोजताना चुकले.

टॉवेल काढला. दंड सगळा सारखा लाल.

"गरम लागलं की कुणाचीही कातडी लाल होते, आजी," नर्स म्हणाली.

म्हणत होती ते खरं होतं. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग मी माझी बाही वर केली, तोच टॉवेल पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळला आणि स्वतःच्या दंडावर गुंडाळला. डाग बघायचा तर शेजारी कोरं कापडही धरावं लागतं. काढला तेव्हा माझाही दंड लाल. मी तो तिच्या दंडाशेजारी धरला आणि आम्ही सगळे ते दोन दंड बघत राहिलो, एक सुरकुतलेला, एक पोरसवदा. माझी लाली हळूहळू ओसरली. तिचीही ओसरली. आणि ओसरता ओसरता मागे ठिपके राहिले. एक, मग तीन, मग दंडभर, फिकट गुलाबी.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्या टोकाने तिच्या पोटावर ओरखड्यासारखी हलकी रेघ ओढली. थोड्या वेळाने त्या रेघेवरही ठिपके आले, टाके घातल्यासारखे रांगेत.

त्यांनी फोन काढून बाराच्या गाडीचं तिकीट रद्द केलं.

रक्त पुन्हा तपासायला गेलं. राखण पिसाळली की चढणारा एक आकडा होता, शेदोनशे असायला हवा तो हजारांत आला. प्लेटलेट्स चार दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. मोठे डॉक्टर खाली आले, दोघं दाराबाहेर बोलले, मग दोघं आत आले. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"आजी, अंगात राखण दोन प्रकारची असते. एक शिकलेली. ती शत्रूचा चेहरा ओळखते, लक्षात ठेवते. दुसरी जन्मापासूनची, न शिकलेली. ती दाराशी बसते. चेहरे बघत बसत नाही, जरा काही खुट्ट झालं की आधी धावून जाते, मारते, जाळते, गिळते. तिच्यामुळेच आपण जगतो. पण कधीकधी शत्रू नसतानाही ती पेटते आणि घरच्यांनाच बडवत सुटते. ताप, पुरळ, सांधे, सगळं तिचंच काम. आता तर ती रक्तातल्या पेशीही गिळायला लागलीय."

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून डोळे मिटूनच म्हणाली, "ही राखणदारीण ओळखीची वाटतेय."

मला हसू आलं नाही. दुसरं कुणी बोललं असतं तर त्याची जीभ हासडली असती.

सहीचा कागद पुढे आला तेव्हा मुलाने पेन खाली ठेवलं. "आई, जंतू असला तर?" पहिल्यांदाच तो मला विचारत होता. मी सुनेकडे बघितलं. "जीव तुझा आहे, तू सांग." ती म्हणाली, "आई, इस्त्री खोटं बोलते का कधी?" मी नाही म्हटलं. "मग कर सही," तिने नवऱ्याला सांगितलं.

तीन वाजता स्टिरॉइडची बाटली लावली. वर एक इंजेक्शन, राखणीला भडकवणारा निरोप मधेच अडवणारं.

आणि पाचला ताप आला. तसाच, दात वाजवत. हिरड्यांतून पुन्हा रक्त. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, इतक्यात नाही उतरायचा, एक दिवस द्या. मला ऐकू येत होतं, पण डोक्यात एकच घुमत होतं: मीच टॉवेल लावला, मीच हिला मारलं. तिचे पाय मी दोन्ही हातांनी धरून ठेवले होते, ते थडथडायचे थांबेपर्यंत. तेव्हाच तिला म्हटलं, "ते नाटक नव्हतं." तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. वॉर्डातल्या सगळ्यांना गेलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचपासून मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. पाच वाजले. पाच-दहा. मला वाटलं, आला. हात गरम लागत होता. मी नर्सला हाक मारली, तिने थर्मामीटर लावला, काढला, म्हणाली, "नाही आजी." मी म्हटलं, "परत लाव." तिने परत लावला. साडेपाच झाले.

"आई," सून म्हणाली, "आता हात काढा. तुमचाच तळवा तापलाय."

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलंय, हा आजार परत येऊ शकतो. महिन्यांनी, वर्षांनी, कधीही. गोळ्या चालू आहेत. ती पुन्हा रोलरवर आहे, अर्धाच दिवस, आणि मी पाचला घडी सोडून तिच्याजवळ जाते. ती मान पुढे करते. मी कपाळाला हात लावत नाही, गाल लावते.