पपईला टांगलेली सीडी

"मावशी, हे आता फॉरमॅटच मारावं लागतंय," मी म्हणालो.

स्क्रीनवर पस्तीस टक्के होते. सकाळपासून चौथ्यांदा. अपडेट पस्तीसवर यायचं, अडायचं, केलेले बदल मागे घेतो म्हणायचं आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. माझं डोकं भणभणायला लागलं होतं. निलंग्यात पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, तरी हट्टी मशीन समोर आलं की मला सख्ख्या भावावर यावा तसा राग येतो.

"मार की मग. पन चारच्या आत दे रे अमरनाथ. कस्तुराबाई येऊन बसल्यात."

सिंधुमावशी तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या टपरीत टायपिंग करतात. आधी टाइपरायटर, मग हे मशीन, अशी चाळीस वर्षं. त्यांचा एक नियम आहे : कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. शेजारचे टायपिस्ट तेवढ्यात तीन कागद उरकतात. त्यामुळे मावशींकडे गर्दी कधी नसते.

कस्तुराबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्यामागे राहत्या दोन खोल्यांवर आपलं नाव लागावं म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी जबाब सांगितला होता. दोन दुपारी बोलत होत्या म्हणे. प्रिंट काढायच्या आदल्या दिवशी अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आज चार वाजता कागद द्यायची मुदत संपत होती. त्यांचं बोलणं उरलं होतं ते फक्त या डब्यात.

"सगळं डी ड्राइव्हमध्ये हाय ना?" मी विचारलं.

"हाव. तूच लावून दिलंस की तसं."

तरी मी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली, फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मगच फॉरमॅट केलं. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हला, मीही कण्हलो. पावणेतीनला एकदाची नवी सिस्टीम बसली. जुन्या मशीनला झेपेल अशीच टाकली. अँटिव्हायरस घातला, कुणाचाही पेनड्राइव्ह लावला की आपोआप काही चालू होऊ नये अशी सोय केली. राहिला पासवर्ड. आधीचा होता एक ते पाच, आणि तोही दसऱ्याच्या हळदीकुंकवाशेजारी मॉनिटरवर चिकटवलेला.

"असला चालत न्हाई मावशी. अवघड काहीतरी टाका."

मावशींनी कीबोर्ड ओढला आणि खाली न बघता खटाखट बटणं दाबली. "मालकाचं नाव. जुन्या मराठी टायपिंगनं. इंग्रजीत काय उमटलं, मला बी सांगता येनार न्हाई."

मला हसू आलं. एवढा पक्का पासवर्ड मलाही सुचला नसता.

मग मी जबाबाची फाइल उघडली आणि हसू जिथल्या तिथे मावळलं. पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. एक शब्द लागेना.

फॉन्ट! जुन्या टायपिंगची मराठी अक्षरं दाखवणारा तो फॉन्ट डी मध्ये नसतो, सिस्टीमच्या पोटात असतो, आणि मी ते पोटच धुऊन काढलं होतं. पंधरा वर्षं या धंद्यात काढून मी ही चूक केली होती.

"मावशी, फॉन्टची सीडी हाय का?"

"हाय की. घरी पपईला टांगली. पाखरं लई खायलीत."

मोटारसायकल काढून ती घेऊन आलो. उन्हानं तिची चांदी पापुद्र्यासारखी सुटली होती. मशीननं घरघर केली आणि सीडी बाहेर ढकलली. शेजारच्या टायपिस्टांकडे हा जुना फॉन्ट नव्हता. इंटरनेटवर त्याच नावाचे दोन फॉन्ट मिळाले, त्यांत काना असायचा तिथे वेलांटी. ज्यानं मूळ फॉन्ट लातूरहून आणून दिला होता त्याला फोन लावला. "फॉन्ट कुठला भाऊ, मी आता मोबाइलची कव्हरं विकायलोय," तो म्हणाला.

तीन वीस झाले होते. कस्तुराबाईंकडे बघायची मला हिंमत होईना.

"चुकलं मावशी माझं. तुम्हाला आठवंल तसं नव्यानं टाइप करू या का?"

"माझ्या मनानं लिहिलं तर ते माझं झालं. तिचं कसं व्हईल?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि तोंड पडद्याजवळ नेलं. हाताची बोटं टेबलाच्या रेक्झिनवर हलू लागली.

"जे म्हंजे र. के म्हंजे काना. जी म्हंजे ह..." बोटं थांबली. "राहणार. राहणार निलंगा! अमर, तू लॅपटॉपवर बस. मी सांगते, तू टाक."

डोळ्यांना ती इंग्रजी अक्षरं दिसत होती आणि मराठी बोटांना कळत होतं. मी भराभर टाइप करत गेलो.

"'हौदाच्या विटा मी डोक्यावर आनल्या, तवा सुकन्या पोटात व्हती. दीर म्हनतो, तुझं काय हाय इथं. माझं इथं समदंच हाय.'"

कस्तुराबाई ताठ बसल्या.

घराच्या चतुःसीमेत एका जागी अक्षरांऐवजी नुसता चौकोन होता. "पश्चिमेस संगप्पाचा..." मावशी अडल्या. "वाडा का गोठा?" कस्तुराबाईंनी डाव्या हाताची दोन बोटं डोक्याला लावून शिंगं दाखवली. मी गोठा टाकला.

चारला दहा कमी असताना प्रिंट निघाली. मी कागद उचलून दाराकडे निघालोच होतो.

"थांब. वाचून दाखवायचं राहिलं."

"आत्ताच वाचलं की मावशी सगळं!" मी ओरडलोच.

"ते मशीनमधलं वाचलं. हा कागद कुठं वाचला?"

मावशी दीड पान सावकाश वाचत गेल्या. मी घड्याळाकडे बघत पाय आपटत होतो. मग माझं लक्ष कस्तुराबाईंकडे गेलं. प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. माझा पाय थांबला.

वाचून झाल्यावर मावशींनी शाईचा डबा उघडला आणि कस्तुराबाईंचा लुळा उजवा हात उचलायला गेल्या. कस्तुराबाईंनी मान हलवून नको म्हटलं. डावा अंगठा त्यांनी स्वतःच शाईत टेकवला, कागदावर ठेवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला.